घेणाऱ्याचे माप

अंगावर घालावयाच्या वस्त्राचे माप घालणाराच्या अंगावरून घ्यावे, हे शिंप्याच्या दुकानी उमेदवारी करणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. पण तेच कापड दानासाठी हाती घेतले की चांगली सुबुद्ध माणसेदेखील स्वतःच्या हौसेच्या मापाने बेतू लागतात, हे २०२० च्या उन्हाळ्यात मी फार जवळून पाहिले. पुढे कधी अशी वेळ पुन्हा ओढवलीच, तर त्या कार्यात पडणाऱ्यांस उपयोगी पडावा म्हणून त्या अनुभवाचा तपशील येथे मांडते आहे.

करोनाच्या साथीमुळे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली होती आणि ८ एप्रिल रोजी मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क बांधणे सक्तीचे केले. घरी शिवलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा मास्कही चालेल अशी मुभा त्या हुकुमात असल्यामुळे, आणि केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कसंबंधी पुस्तिका आधीच प्रसिद्ध केली असल्यामुळे, गिरगावातील आमच्या चाळीत ज्या ज्या बिऱ्हाडी शिवणयंत्र होते तेथे तेथे त्याची खडखड सुरू झाली. उत्साह निर्व्याज होता. प्रश्न उभा राहिला तो माल तयार झाल्यावर. कोणालाही न विचारता एका रुग्णालयाकडे धाडलेले पहिले गाठोडे सौजन्यपूर्वक परत आले, कारण रुग्णांच्या निकट राहणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना एन-९५ सारखी प्रमाणित साधने लागतात आणि कापडी मास्कने त्यांची गरज भागत नाही. आणि त्याच सुमारास आमच्या दाराशी भाजीची गाडी लावणारा गृहस्थ मात्र नाकाला मळका पंचा गुंडाळून उभा असे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की कात्री उचलण्यापूर्वी दूरध्वनी उचलावा. रखवालदार, दूधवाले, शिधावाटपाच्या दुकानातील माणसे, रस्ते झाडणारे कामगार यांच्यापैकी कोणाला किती हवेत, मोठ्या मापाचे किती, मुलांचे किती, हे विचारून आवक-जावक एका वहीत मांडावी. आणि एक धुण्यात असता दुसरा अंगावर असावा, एवढ्यासाठी माणशी निदान दोन धरावेत. दोन वर्षांखालील बालकांसाठी मात्र मागणी आली तरी शिवू नयेत, आणि ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही अशा आजाऱ्याला तो बांधू नये.

कापडाच्या बाबतीत दात्यांचे औदार्य हीच मोठी अडचण असते. कापडाचे मंगलदास मार्केट बंद, तेव्हा घरोघरच्या कपाटांतून जे निघाले ते आमच्याकडे आले: झुळझुळीत कृत्रिम रेशमाच्या साड्या, जाळीदार ओढण्या, कोऱ्या पण खळीने ताठ झालेल्या चादरी. यातून निवड करण्याचा एक सोपा शिरस्ता आम्ही पुढे ठरवला: कापड दिव्यासमोर धरावे, आणि विणीतून उजेड सरळ आरपार येत असेल तर ते बाजूस ठेवावे. विरळ कापडाचा धडा जुनाच आहे: १९१८ च्या इन्फ्लुएन्झात सॅन फ्रान्सिस्को शहरी रेडक्रॉसने विरळ गॉझचे मास्क मोठ्या प्रमाणावर पुरवले. पण पुढील प्रयोगांतून दिसले ते हे की, थर थोडे तर कण आत शिरतात, आणि थर फार झाले तर श्वास कडेच्या फटींतून वाट काढतो. तेव्हा घट्ट विणीचे सुती कापड दुपदरी घ्यावे, आणि मापही असे बेतावे की कडा गालांना व हनुवटीला लागून राहतील. ५ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तीन थरांची शिफारस केली, ज्यात आतील थर ओलावा शोषणारा, मधला न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा आणि बाहेरचा पाणी न शोषणारा असावा, असे सांगितले होते. थर कितीही असोत, सुती कापड बेतण्यापूर्वी कढत पाण्यातून काढावेच; नाही तर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि नाक उघडे पडते.

इलॅस्टिकचा तुटवडा पडला, तेव्हा आम्ही कापडाच्याच नाड्या शिवल्या, आणि त्यातून एक अनपेक्षित सोय झाली. कानामागे श्रवणयंत्र लावणाऱ्या वृद्धांना कानात अडकवावयाचा मास्क काढताना यंत्रही उपसून येण्याचे भय असते. डोक्यामागे बांधावयाच्या नाड्यांनी ते टळते. नाकावरच्या तारेविषयी मात्र ताकीद आहे: ती नसेल तर चष्म्यावर वाफ धरते, पण साधी लोखंडी तार धुण्याने गंजते आणि तिचे टोक कापड भेदून बाहेर येते, म्हणून काठाला पोकळ दुमड ठेवून तार धुताना काढता येईल अशी तजवीज करावी. आतले व बाहेरचे कापड निरनिराळ्या रंगाचे घ्यावे, म्हणजे काढून पुन्हा बांधताना मास्क उलटला जात नाही. चेहऱ्यावर येणाऱ्या भागात मधोमध उभी टीप घालण्याचे टाळावे, कारण सुईचे प्रत्येक भोक ही वाटच असते. चुण्या घालून आकार दिला की ते साधते.

वाटपाआधी सर्व मास्क साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून कागदी पाकिटात घालावेत, आणि बांधावा कसा, धुवावा कसा, याची मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी सोबत द्यावी. १ मेपासून मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्या, तेव्हा परप्रांतीय मजुरांसाठी हीच चिठ्ठी आम्ही हिंदीत लिहिली आणि निरक्षरांसाठी तीवर चित्रे काढली. मास्क बांधून अंतर राखणे व हात धुणे सुटत नाही, हेही तीत लिहिणे अगत्याचे होते.

शेवटची गोष्ट थांबण्याची. बाजारात स्वस्त मास्क मुबलक मिळू लागले आणि वहीतली मागणी रोडावली, तरी शिवणाऱ्यांचे हात थांबेनात. उरलेल्या कापडाचे काहीतरी झालेच पाहिजे, हा युक्तिवाद त्यांना पुरेसा वाटे. माझ्या मते मागणी संपली त्या दिवशी वही बंद करावी, कापड दात्यांना परत द्यावे किंवा त्यांच्या संमतीने इतर कामी लावावे, आणि घेणाऱ्याला नकार देण्याचा संकोच वाटेल इतके दान त्याच्या दारात नेऊ नये.