क्रॅनबेरीचें फळ आणि मूत्रमार्गाचे विकार

इंद्रायणीच्या कांठचें चऱ्होली बुद्रुक हें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें. पुष्कळ शेतांच्या जागीं इमारती उठल्या आणि त्यांच्यामागून औषधांचीं दुकानेंहि आलीं. या दुकानांत हल्लीं क्रॅनबेरीच्या गोळ्या, भुकट्या व रस विकावयास असतात. लघवीच्या जळजळीवर हा रामबाण उपाय आहे, असें एकीनें दुसरीस सांगावें व तिनें बाटली घरीं आणावी, असें पुष्कळदां होतें. या समजुतींत तथ्य किती, हें प्रस्तुत लेखांत पाहण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम विकाराचें स्वरूप पाहूं. रक्त गाळून मूत्र तयार करणें हें दोन मूत्रपिंडांचें काम. तेथून तें दोन नलिकांतून मूत्राशयांत उतरतें व मूत्रमार्गानें बाहेर पडतें. या विकारास बहुतेक वेळां कारण होणारा सूक्ष्म जंतु 'ई. कोलाय' हा असून तो आपल्याच आंतड्यांत राहतो. तेथें तो बहुधा निरुपद्रवी असतो. मूत्राशयांत शिरला म्हणजे मात्र पीडा करितो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारें ४ सेंटिमीटर, तर पुरुषांचा सुमारें २० सेंटिमीटर लांब असतो. म्हणून स्त्रियांच्या मूत्राशयांत पोंचणें जंतूंस सोपें जातें. लघवीस जळजळ होणें, ती वारंवार लागणें व ओटीपोटांत दुखणें हीं याचीं लक्षणें होत. थंडी वाजून ताप आला व कुशींत दुखूं लागलें, तर जंतु मूत्रपिंडापर्यंत चढले असावेत असें समजून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेंतील दलदलीच्या, आम्लधर्मी जमिनींत पसरणारी बुटकी वेल आहे. तिचीं लाल, आंबट-तुरट फळें तेथील मूळचे रहिवासी अन्न व औषध म्हणून वापरीत. आपल्याकडे कोणी करवंदासच क्रॅनबेरी म्हणतात; पण करवंद हें निराळ्या कुळांतील झुडूप आहे. सह्याद्रीचीं करवंदें आपण अवश्य खावीं. मात्र क्रॅनबेरीवरील प्रयोगांचें श्रेय करवंदांच्या नांवावर जमा करितां येणार नाहीं.

या फळानें मूत्र आम्ल होतें व त्यांत जंतु तग धरीत नाहींत, अशी पूर्वीं समजूत होती. पुढें निराळाच उलगडा झाला. ई. कोलाय जंतूच्या अंगावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतु असतात. ओढ्यांत उतरलेला मनुष्य कांठचीं मुळें धरून प्रवाहांत टिकतो, त्याप्रमाणें हा जंतु आपल्या तंतूंनीं मूत्राशयाचें आंतलें अस्तर धरून राहतो. क्रॅनबेरींतील 'प्रोअँथोसायनिडिन' नामक द्रव्यांचा 'ए' प्रकार ही पकड बसूं देत नाहीं, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें. पकड बसली नाहीं म्हणजे जंतु मूत्राबरोबर वाहून जातो. यावरून ध्यानांत येईल कीं, या फळाचें काम प्रतिबंधाचें आहे. एकदां जडलेला विकार त्यानें बरा होईल अशी आशा धरूं नये.

मनुष्यांवरील प्रयोग काय सांगतात? अमेरिकेंत १५३ वृद्ध स्त्रियांवर केलेला एक प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. रोज ३०० मिलिलिटर क्रॅनबेरीचें पेय घेणाऱ्यांच्या मूत्रांत जंतु व पू कमी वेळां आढळले. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत शुश्रूषागृहांतील १८५ वृद्ध स्त्रियांवर या फळाच्या गोळ्यांची परीक्षा झाली. तेव्हां लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं. 'कॉक्रेन' या संस्थेनें अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१२ सालीं प्रतिकूल मत दिलें होतें. २०२३ सालीं ५० प्रयोग व ८,८५७ माणसें जमेस धरून तें बदललें. ज्या स्त्रियांस हा विकार पुन्हां पुन्हां होतो त्यांचा धोका सुमारें चतुर्थांशानें, व मुलांचा निम्म्याहून अधिक कमी झालेला दिसला. गर्भवती स्त्रिया व शुश्रूषागृहांतील वृद्ध यांस मात्र लाभ दिसला नाहीं. पुराव्यापुढें आपलें मत बदलणें हें शास्त्राचें भूषणच होय.

तेव्हां ज्यांस हा विकार वारंवार होतो, त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें क्रॅनबेरी घेण्यास हरकत नाहीं. 'वॉर्फरिन' हें रक्त पातळ करणारें औषध चालू असलेल्यांनीं व मुतखडा झालेल्यांनीं विचारल्यावांचून घेऊं नये. गोड रसांत साखर पुष्कळ असते, हें मधुमेह्यांनीं विसरूं नये. जळजळ चालू असतां या गोळ्यांवर दिवस काढूं नयेत. मूत्र तपासून घ्यावें, आणि डॉक्टरांनीं दिलेलें प्रतिजैविक सांगितलेले दिवस पुरें घ्यावें. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मनानें घेत गेल्यास जंतु औषधास दाद देईनासे होतात.

या बाटलीची किंमत सर्वांस परवडणारी नाहीं. तिच्याहून स्वस्त उपाय पाण्याचा आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, वारंवार हा विकार होणाऱ्या व कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकीं निम्म्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी अधिक प्यावयास सांगितलें. वर्षभरांत त्यांना सरासरी १.७ वेळां, तर इतरांना ३.२ वेळां विकार झाला.

परंतु पाणी पिणें हेंहि सर्वांस सोपें नाहीं. भोसरी-चाकणकडे कामास जाणारी बाई किंवा लांबून शाळेस येणारी मुलगी कित्येकदां तहान मारते; कारण वाटेंत जावयास जागा नसते, आणि असली तरी ती घाण असते. पाणी पिण्याचा उपदेश करणाऱ्यानें शौचगृहाचीहि चिंता वाहिली पाहिजे. मुंबईंत २०११ सालीं 'राइट टु पी' ही चळवळ सुरू झाली ती याचसाठीं. स्त्रियांस सार्वजनिक मुताऱ्या स्वच्छ व विनामूल्य मिळाव्या, अशी तिची मागणी होती. शाळेंत मुलगे व मुली यांसाठीं स्वतंत्र शौचगृहें असावीं, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि ठरविलें आहे.

या कार्यांत आम्हां शिक्षकांचाहि वांटा आहे. चालू तासांत एखाद्या मुलीनें बाहेर जाण्याची परवानगी मागितली, तर चारचौघांत कारण न विचारतां तिला जाऊं द्यावें. मुलींनींहि लाज धरून दुखणें लपवूं नये; आईस किंवा शाळेंतील बाईंस सांगावें. क्रॅनबेरी घ्यावी कीं न घ्यावी, हें डॉक्टर ठरवितील. पाण्याचा माठ भरलेला व शौचगृह स्वच्छ ठेवणें हें मात्र आपणां सर्वांचें काम आहे.