संस्थेचे संकेतस्थळ संस्थेच्याच हाती

तुडीलसारख्या गावी शाळेच्या दर्शनी फळ्यावर सूचना लिहावयाची झाल्यास शिक्षक खडू उचलतो व लिहितो. त्यासाठी महाडहून रंगारी बोलवावा लागत नाही. संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र प्रारंभीच्या काळात असा रंगारी लागत असे. पानावरील मजकूर व त्याची मांडणी एकाच संगणकीय संहितेत गुंफलेली असल्याने साधा दूरध्वनी क्रमांक बदलण्यासही जाणकाराची वाट पाहावी लागे.

ही अडचण आशय व्यवस्थापन प्रणालीने दूर केली. तिचे मर्म छापील प्रगतिपुस्तकावरून वर्गात सहज समजावून देता येईल. रकाने व रेघा एकदाच छापल्या जातात. गुण मात्र शिक्षक भरतो. त्याचप्रमाणे या प्रणालीत पानाचा साचा निराळा असतो आणि मजकूर माहितीसंचात निराळा साठविलेला असतो. दोहोंची जुळणी होऊन पान वाचकासमोर येते. त्यामुळे मजकूर बदलणाऱ्यास मांडणीला हात लावावा लागत नाही, आणि साचा बदलला तरी जुना मजकूर पुन्हा टंकित करावा लागत नाही. लिहिणारा एक व तपासून प्रसिद्ध करणारा दुसरा, अशी अधिकारांची विभागणीही करता येते. पूर्वीच्या आवृत्त्या जपलेल्या असल्यास चुकीचा बदल मागे घेता येतो.

२००३ साली निघालेली वर्डप्रेस ही प्रणाली विनामूल्य असून मराठीतूनही वापरता येते. रायगड जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय कार्यालयांसाठी सिद्ध केलेल्या अशाच एका सामायिक व्यवस्थेवर चालते.

प्रणाली आली म्हणजे माहिती आपोआप ताजी राहते, हा समज मात्र भाबडा होय. जुलै २०२१ मध्ये महाड शहरात पुराचे पाणी शिरले आणि २२ जुलै रोजी तळिये येथे दरड कोसळली. अशा प्रसंगी बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचा क्रमांक पानावर असणे हे क्रमांक नसण्याहूनही घातक, कारण लोक त्यावर विसंबतात. (वीज गेल्यावर संकेतस्थळही मुके होते, तेथे दर्शनी फळाच खरा!) म्हणून ज्या शाळेचे संकेतस्थळ असेल तिने मजकुराची जबाबदारी एका शिक्षकाकडे नावानिशी सोपवावी व पावसाळ्यापूर्वी प्रत्येक क्रमांक लावून पाहावा. शिक्षकाची बदली होताच कुलूप शाळेत व किल्ली परगावी, अशी अवस्था होऊ नये, यासाठी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मुख्याध्यापकांकडे मोहोरबंद पाकिटात असावा आणि कार्यभार देताना तो बदलावा. प्रणालीच्या सुधारित आवृत्त्याही वेळच्या वेळी घ्याव्या लागतात. जुन्या आवृत्तीतील उणिवांतून परक्यांचा शिरकाव होतो.