दोन तारखांमधील दिवस मोजण्याची रीत

पीककर्जाचें व्याज, गाईचा विण्याचा दिवस आणि फवारणीनंतर माल तोडण्याची मुदत ह्या गोष्टी वरवर भिन्न दिसल्या, तरी त्यांच्या मुळाशीं एकच हिशेब आहे. तो म्हणजे एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत दिवस किती झाले, हा. "झाले असतील नऊ-दहा महिने" असें अंदाजानें सांगण्याची संवय आपल्यांत फार आहे, आणि अंदाजाचा तोटा बहुधा शेतकऱ्याच्याच पदरीं पडतो. म्हणून ह्या अंकीं ती रीत आम्ही उदाहरणांसह देत आहों.

पहिला नियम असा कीं, आरंभाचा दिवस सोडावा व शेवटचा धरावा. १० तारखेस रक्कम घेऊन १५ तारखेस फेडली, तर ती आपल्याजवळ पांच रात्री राहिली. दिवस पांचच झाले, सहा नव्हेत. कायद्यांतही 'अमुक दिवसापासून' म्हटलें म्हणजे पहिला दिवस वगळण्याचाच प्रघात आहे.

आतां उदाहरण घेऊं. एका शेतकऱ्यानें १२ जून २०२४ रोजीं एक लाख रुपये कर्ज घेतलें व ३१ मार्च २०२५ रोजीं फेडलें. जूनचे उरलेले दिवस १८. पुढें जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८ आणि मार्च ३१. एकूण बेरीज २९२. येथें एक चूक संभवते. २०२४ हें लीप वर्ष होतें खरें. परंतु त्याचा २९ फेब्रुवारी कर्ज घेण्यापूर्वींच होऊन गेला होता. जादा दिवस मुदतीच्या आंत पडत असेल तरच धरावा.

दर शेंकडा १० व सरळ व्याज धरल्यास वर्षाचे १०,००० रुपये होतात. त्यांस २९२ नें गुणून ३६५ नें भागिलें असतां ८,००० रुपये येतात. हीच मुदत 'दहा महिने' म्हणून धरली, तर व्याज ८,३३३ रुपये होईल. म्हणजे केवळ ढोबळ मोजणीनें ३३३ रुपये अधिक गेले! कांहीं ठिकाणीं वर्षाचे ३६० दिवस धरण्याची पद्धत असते. यास्तव कर्जरोख्यावर सही करण्यापूर्वींच हिशेब कोणत्या रीतीनें होणार, हें विचारून घ्यावें.

मुदत तिथीनें ठरविण्यांत याहून मोठा घोटाळा होतो. चांद्रवर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असून अधिक महिना आला म्हणजे तें सुमारें ३८४ दिवसांचें होतें. २०२३ सालीं पाडवा २२ मार्चला होता व त्या वर्षीं अधिक श्रावण आला. पुढील पाडवा ९ एप्रिल २०२४ रोजीं, म्हणजे ३८४ दिवसांनीं पडला. त्यानंतरचा पाडवा ३० मार्च २०२५ रोजीं, म्हणजे ३५५ दिवसांनींच आला. 'पाडवा ते पाडवा' अशा दोन वर्षांत २९ दिवसांचें अंतर! वरील रकमेवर व दरानें ह्या २९ दिवसांचें व्याज सुमारें ७९५ रुपये होतें. पावसाचीं नक्षत्रें मात्र सूर्यावरून चालतात. म्हणून मृग दरवर्षीं ७-८ जूनच्या सुमारासच निघतो. पेरणीस नक्षत्र पाहावें, सणास तिथि पाहावी. पण देण्याघेण्यास तारीखच धरावी.

हाच हिशेब उलट बाजूनें गोठ्यांत उपयोगी पडतो. गाईचा गाभणकाळ सुमारें २८० दिवसांचा व म्हशीचा सुमारें ३१० दिवसांचा असतो. गाय १० ऑगस्ट २०२५ रोजीं फळली असें धरूं. ऑगस्टचे २१ दिवस घेऊन महिन्यांची बेरीज करीत गेलें असतां एप्रिलअखेर २६३ दिवस होतात. उरलेले १७ दिवस मे महिन्यांत पडतात. म्हणून विण्याचा अंदाज १७ मे २०२६. त्यापूर्वीं ६० दिवस, म्हणजे १८ मार्चच्या सुमारास, गाय आटवावी. त्याच दिवशीं म्हैस फळली असती, तर तिचा दिवस १६ जून आला असता. जनावर चार-आठ दिवस मागेंपुढें विऊं शकतें, हें खरें. परंतु तारीखच टिपलेली नसेल, तर गाय वेळेवर आटविली जात नाहीं आणि त्याचा परिणाम पुढील वेताच्या दुधावर होतो.

ह्या सर्वांस एक वही व एक पेन्सिल पुरे. कर्ज, भरणा, पेरणी, फवारणी व गाय फळल्याचा दिवस त्याच संध्याकाळीं सालासह लिहून ठेवावा. घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींकडून हीं गणितें करून घ्यावीं, म्हणजे त्यांचा अभ्यासही होईल. आणि सोसायटींत भरणा करण्यास जातांना दिवसांची बेरीज स्वतः करून न्यावी. ज्याच्या हातीं आपला हिशेब आहे, त्यास दुसऱ्याच्या हिशेबाचें भय वाटण्याचें कारण नाहीं.