रिकामी नाव आणि वारा (गीता २.६७)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला सदुसष्टावा. अर्थ थोडक्यात असा: इंद्रियं विषयांत भटकत असतात, आणि मन त्यांच्या मागे लागलं की ते माणसाची प्रज्ञा ओढून नेतं. पाण्यावरच्या नावेला वारा नेतो, तसं.

हा श्लोक मी आतापर्यंत पंधरा-वीस वेळा तरी वाचला असेन. दरवेळी माझं लक्ष वाऱ्याकडेच गेलं. वारा म्हणजे व्हिलन. मोबाईल वारा, स्विगी वारा, इन्स्टा वारा. या वेळी मात्र डोक्यातला इंजिनीअर जागा झाला आणि वेगळाच प्रश्न पडला. वारा तर सगळ्याच नावांना लागतो. मग काही नावा वाहून जातात आणि काही टिकतात, असं का? नावेत काय होतं?

इथे जरा इंग्रजी शब्दांकडे वळतो, कारण दिवसभर माझं पोट त्याच भाषेवर चालतं. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे लोड. सर्व्हरवर लोड आला, लोड टेस्टिंग झालं का, लोड बॅलन्सर बसवा. ऑफिस सुटलं की मित्र म्हणतो, "काहून एवढा लोड घेतो बे?" गंमत म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ ओझं नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता वाट, प्रवास, वाहून नेणं. 'लीड', म्हणजे पुढे नेणं, हा त्याच्याच घरातला शब्द. ओझ्याचा अर्थ नंतर चिकटला. आणि आपल्या मराठीतला लोड? आजोबांच्या बैठकीत तक्क्याशेजारी असायचा तो. त्यांचा लोड पाठीवर बसतो, आपला लोड पाठीला आधार देतो! (दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उगाच व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करू नका.)

खरी नाती पुढे आहेत. इंग्रजीतलं 'बर्डन' आणि आपला 'भार' एकाच प्राचीन धातूतून आलेत. संस्कृतात तो 'भृ', वाहणं, सांभाळणं. सांभाळणारा तो भर्ता. 'ग्रॅव्हिटी' लॅटिनमधून आली, आणि त्या लॅटिन शब्दाचा संस्कृत भाऊबंद म्हणजे 'गुरु'. गुरु म्हणजे मुळात जड. हलका माणूस गुरु होत नाही, हे आपल्या पूर्वजांनी शब्दातच लिहून ठेवलं होतं. आणि 'स्टेडी', 'स्टेबल', 'स्टँड' हे सगळे आपल्या 'स्था' धातूचे चुलतभाऊ. ज्या स्थितप्रज्ञाबद्दल अर्जुनाने चौपन्नाव्या श्लोकात विचारलं, त्याच्या नावातला पहिला अर्धा भाग तोच. आजचा श्लोक त्याच प्रश्नाच्या उत्तरात येतो.

आता मुद्द्याचा शब्द: बॅलास्ट. जहाजाच्या तळाशी मुद्दाम ठेवलेलं वजन. विकायचं नाही, कुठे पोचवायचं नाही, जहाज डोलू नये म्हणून फक्त सोबत न्यायचं. पूर्वी दगड, वाळू भरायचे. आजची मालवाहू जहाजं माल उतरवला की टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून घेतात. कारण रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं आणि वाऱ्याला जास्त सापडतं. जुन्या मराठी कोशांत याला 'नीरम' असा शब्द आहे. आपण नागपूरकर समुद्रापासून एवढे लांब, की मी तो कधी ऐकला नव्हता. पण हाच इंग्रजी शब्द रेल्वेने उचलला आणि तो रामदासपेठेपासून हाकेच्या अंतरावर आहे: अजनीच्या रुळांखालची गिट्टी. पुण्याकडे तिला खडी म्हणतात. धारदार कडांचे काळे दगड एकमेकांत अडकून बसतात, गाडीचा भार खाली पसरवतात आणि रूळ जागचा हलू देत नाहीत. जुन्या ट्यूबलाइटचा तो जडशीळ चोक आठवतो? त्यालाही इंग्रजीत बॅलास्टच म्हणतात. तो नसेल तर नळीतला करंट वाढतच जाईल.

तळाशी वजन नसलं तर काय होतं? स्वीडनच्या राजाने 'वासा' नावाचं युद्धनौकेचं धूड बांधून घेतलं. (आपल्या घराचा वासा नव्हे, पण फिरला तसाच.) वर तोफांचे दोन मजले, कोरीव मूर्ती, आणि तळाशी त्या मानाने वजन अपुरं. निघण्याआधी चाचणी झाली: तीस माणसांना डेकवर या बाजूने त्या बाजूला पळवलं. जहाज इतकं हेलकावलं की चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली. टेस्ट फेल, तरी रिलीज! आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. १० ऑगस्ट १६२८ ला वासा स्टॉकहोमहून पहिल्यांदा निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बुडालं. तुफान नव्हतं, साधी झुळूक होती.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो, कारण माझी टेस्ट आधीच फेल झालेली आहे.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्याची खोली सोडून इथे आलो. सकाळी सहाला इन्सुलिन, मग अंग पुसणं, व्यायाम, नऊला स्टँडअप कॉल. दोन वर्षं. मी रोज कुरकुर करायचो. मित्र पगारवाढी घेत होते, मी डायपर आणत होतो. बाबा गेले तेव्हा तेराव्याला आलेला जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला, "आता मोकळा झालास."

झालो ना. महिनाभर झोपलो. मग रात्री तीनपर्यंत रील्स सुरू झाले. मग ऑप्शन ट्रेडिंग. पहिले चार दिवस फायदा झाला आणि पुढच्या चार महिन्यांत एफडी मोडावी लागली. आईला ते मी सांगितलं नाही, तिने बँकेच्या एसएमएसवरून ओळखलं. बाबांच्या आजारपणात याच शहरात, याच फोनवर हे सगळे वारे होतेच की. तेव्हा मी हललो नव्हतो.

तेव्हाही सगळं वजन तळाशी नव्हतं, हेही खरं. सहाचं इन्सुलिन हातांनी करायचं काम होतं, ते केलं की खाली बसायचं. "पाच वर्षांनी काय होईल" हे मात्र मी डोक्यावर घेऊन फिरायचो, वासाच्या तोफांसारखं. माणूस तोच, बाबा तेच, पण एका वजनाने मी उभा राहायचो आणि दुसऱ्याने कलंडायचो. आणि बॅलास्टलाही मर्यादा असते बरं का. वासात आणखी दगड भरले असते तर खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकायला आल्या असत्या. म्हणून आठवड्यातून चार रात्री ऑन-कॉल घेणाऱ्यांनी हा लेख मॅनेजरला पाठवू नये.

माउलींनी या श्लोकावर लिहिताना नाव काठाजवळ आणली आहे. नाव थडीला लागता लागता वादळात सापडली, तर टळलेलं संकट पुन्हा गाठतं. तसंच पोचलेल्या पुरुषानेही कौतुकाने इंद्रियांचे लाड केले, तर संसाराचं दुःख त्याला परत घेरतं. मला हे काठाजवळ असणं फार खरं वाटतं. आता सुटलो, आता काही करायचं नाही, असं वाटतं तेव्हाच आपण वजन उतरवून ठेवलेलं असतं.

एफडीचं कळल्यावर आई रागावली नाही. म्हणाली, "सहाला उठत होतास ना बाबांसाठी? मग उद्यापासून मला रोज एक श्लोक वाचून दाखव. मोतीबिंदूमुळे मला बारीक अक्षर लागत नाही." ऑपरेशन होऊन आता तिला छान दिसतं, पण वाचन थांबलेलं नाही. हा ब्लॉग त्या वाचनाच्या टिपणांतूनच सुरू झाला. सहाच्या अलार्मला अजून 'बाबा – इन्सुलिन' असंच नाव आहे, मी ते बदललेलं नाही.

आज सकाळी हा श्लोक वाचून झाल्यावर आईने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्या नावेत कोणी बसलं होतं का रे?"

मी म्हटलं, श्लोकात तसं काही दिलेलं नाही.

"बघ मग नीट," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

उद्या अडुसष्टावा श्लोक. राम कृष्ण हरी.