चाचणी आषाढात घ्यावी

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेत फ्यूम हूडची जुनी यंत्रणा काढून, सरकती काच जितकी उघडी तितकीच हवा ओढणारी नवी नियंत्रणव्यवस्था बसविली जात असता विभागाच्या वतीने देखरेख ठेवण्याचा योग मला आला, आणि त्या निमित्ताने जे दिसले ते असाच मक्ता देऊ पाहणाऱ्यांच्या कानी घालावेसे वाटते.

या व्यवस्थेचे प्रलोभन खरे आहे. पंख्याचा वेग पाचव्या हिश्श्याने उतरविला की विजेचा खप जवळजवळ निम्म्यावर येतो. परंतु जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कोठून तरी आत यावी लागते, आणि तिची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. फाल्गुनात, खिडक्या सताड उघड्या असताना, मक्तेदाराने चाचणी दिली. काचेच्या तोंडाशी वेग सेकंदाला ०.५ मीटर भरला आणि कागद दप्तरी दाखल झाले. आषाढात घाटमाथ्याकडून तिरपा पाऊस येऊ लागताच शिपायाने खिडक्या लावल्या. तेव्हा चालू असलेले हूड बंद हूडच्या नळीतूनच हवा खेचू लागले, आणि त्या बंद हूडमध्ये ठेवलेल्या अमोनियम सल्फाइडची दुर्गंधी थेट विद्यार्थ्यांच्या तोंडावर आली. नियंत्रकाचा हिरवा दिवा निर्विकारपणे तेवत होता, कारण त्याला कळत होती ती केवळ काचेची उंची. पावसाचा शिरकाव होणार नाही असे झरोके मागाहून भिंतीत पाडावे लागले.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो. पण सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरूनही हवा बाहेरच टाकतो, फक्त फार थोडी, त्यामुळे काचेखाली धरलेली कागदाची पट्टी आत वळते आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. गच्चीवर जाऊन, कवचावरील बाणाशी दिशा ताडून पाहिल्याखेरीज सही करू नये. तसेच हूड रिकामा करून, छताचा पंखा चालू ठेवून, काचेशी उदबत्ती धरावी. धूर बाहेर डोकावला तर छताच्या पंख्याची जागा चुकली असे समजावे.

(खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण नांदत असता, पंख्याचा वेग बदलणाऱ्या आणि रेडिओलहरींत गोंगाट करणाऱ्या व्हीएफडीसोबत फिल्टर आणि कवचयुक्त केबल मागणे हा निव्वळ शेजारधर्म होय.)

देयकातील काही रक्कम राखून ठेवावी, आणि पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून, सर्व हूड एकदम चालवून व नंतर एकेक बंद करून पाहिल्यावरच ती मोकळी करावी. मक्तेदार कुरकुरेल, लेखा विभाग मार्चअखेरचा हवाला देईल. म्हणून हे कलम मूळ निविदेतच असावे.