क्वेबेक खालून वर चढावं

बोस्टनहून किंवा न्यूयॉर्कहून कॅनडाकडे निघणारी बरीच क्रूझ जहाजं सेंट लॉरेन्स नदीतून आत शिरतात आणि क्वेबेक शहराला लागतात. सॅम्युएल द शाँप्लेन या फ्रेंच माणसाने १६०८ मध्ये वसवलेलं हे शहर. क्रूझच्या प्रवाशाला इथे बहुधा एकच दिवस मिळतो. तो कसा घालवावा, याबद्दलची माझी मतं आता पक्की झाली आहेत.

१. शहराबाहेरची सहल घेऊ नका. जहाजावर मोंमोरन्सी धबधब्याची जाहिरात जोरात होते. ८३ मीटरांचा तो धबधबा नायगाऱ्याहून उंच आणि खरोखर देखणा आहे. पण त्यात अर्धा दिवस जातो आणि जुनं शहर घाईत उरकावं लागतं. इथला धक्का जुन्या शहराच्या पायथ्यालाच आहे. टॅक्सी नको, बस नको, उतरलं की चालायला लागायचं.

२. सुरुवात खालच्या गावातून करा. प्लास रोयाल हा छोटा दगडी चौक म्हणजे शाँप्लेनच्या पहिल्या वस्तीची जागा. तिथलं नोत्र दाम दे व्हिक्त्वार हे चर्च सतराव्या शतकातलं. दार उघडं दिसलं तर लगेच आत शिरा आणि मान वर करा. छताला एका जुन्या शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती टांगलेली आहे. ज्या समुद्रापलीकडून माणसं, धान्य, पत्रं, सगळं काही यायचं, त्या समुद्रापुढे हात जोडणारी ही वस्ती होती. चर्चच्या नावातले 'व्हिक्त्वार', म्हणजे 'विजय', हेही दोन आहेत. १६९० मध्ये इंग्रजांचा हल्ला परतवला तो एक. १७११ मध्ये त्यांच्या आरमाराची जहाजं नदीच्या वाटेवरच खडकांवर फुटली, तो दुसरा. मी त्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. वेळ वाया गेला असं क्षणभरही वाटलं नाही.

३. चढण टाळू नका, पण हट्टही करू नका. खालच्या गावातून वरच्या गावात जायला जिना आहे आणि १८७९ पासून चालत आलेली फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची लिफ्टसारखी गाडी आहे. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या गाडीने वर गेल्या आणि आम्ही जिन्याने. वर पोचल्यावर त्यांचा चेहरा आमच्यापेक्षा टवटवीत होता. चढून गेलं की शहर ज्या क्रमाने वाढलं त्याच क्रमाने ते दिसतं: आधी धक्का आणि वखारी, मग कडा, मग गव्हर्नर, पाद्री आणि सैन्य.

४. वर पोचलात की डफरिन टेरेस. लाकडी फळ्यांचा हा लांबलचक सज्जा शातो फ्राँतनाक या १८९३ च्या हॉटेलासमोर आहे. सगळे हॉटेलाचे फोटो काढतात, मी तुम्हाला नावाकडे बघायला सांगेन. हा डफरिन म्हणजे आपलाच, १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असलेला. अमरावती-सोलापूरकडे बायकांचा दवाखाना म्हणजे 'डफरिन', तो त्याच्या पत्नीने उभारलेल्या निधीच्या नावाने. त्याआधी तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. क्वेबेकचे लोक तेव्हा वाहतुकीला अडचण होते म्हणून तट आणि वेशी पाडायला निघाले होते. डफरिनने ते थांबवलं. आज सुमारे साडेचार किलोमीटरचा तट उभा आहे आणि १९८५ पासून जुनं शहर जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडे किती गावांच्या वेशी रस्तारुंदीत गेल्या, ते आठवून मला तिथे फार वाईट वाटलं.

५. टेरेसला लागूनच्या बागेतला दगडी स्तंभ चुकवू नका. १३ सप्टेंबर १७५९ रोजी अब्राहमच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. इंग्रज सेनापती वुल्फ रणातच पडला आणि फ्रेंच सेनापती माँकाल्म दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. जिंकणारा आणि हरणारा, दोघांचं मिळून एकच स्मारक इथे आहे. ही लढाई सात वर्षांच्या युद्धातली, आणि त्याच युद्धात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली, तीही जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतच्याच आठवड्यात. १७६३ च्या पॅरिस तहात पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली, क्वेबेक मात्र कायमचं गेलं.

६. राज्य गेलं, भाषा गेली नाही. १७७४ च्या कायद्याने फ्रेंच दिवाणी कायदा आणि कॅथलिक धर्म टिकला. १९७७ च्या कायद्याने सरकारात, कामावर, दुकानांच्या पाट्यांवर फ्रेंचला पहिलं स्थान मिळालं. म्हणून दुकानात शिरताना आधी 'बाँझूर' म्हणा, मग खुशाल इंग्रजीत बोला. बेकरीतल्या बाई एवढ्यावर इतक्या प्रसन्न झाल्या की कुठली पाई खावी हे त्यांनीच समजावून सांगितलं. मराठी पाट्यांसाठी झगडणाऱ्या माणसाला या शहराचं मन लवकर कळतं.

७. शाकाहारी असाल तर पूतीन मागवताना विचारून घ्या. बटाट्याच्या फ्राइज आणि चीज ठीक, पण वरचा रस्सा बहुधा मांसाचा असतो. वाटाण्याच्या पारंपरिक सूपमध्येही डुकराचं मांस असतं.

८. तास-दीड तास शिल्लक ठेवा आणि पलीकडच्या लेव्हीला जाणारी फेरीबोट पकडा. जेमतेम दहा-बारा मिनिटांचा प्रवास, पण धक्का, कडा, तट, किल्ला हे सारं एका नजरेत येतं. १७५९ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लेव्हीच्याच काठावरून खालचं गाव जमीनदोस्त केलं होतं. नदीचं पाणी इथे गोडं आहे, तरी भरती-ओहोटी होते आणि मोठ्या भरतीला पातळी कित्येक मीटर चढते. सकाळी उतरलेली जहाजाची शिडी संध्याकाळी वेगळ्याच उतारावर असते. ज्येष्ठांचा हात धरा.

९. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. परत अमेरिकेत उतरणार असाल तर तिथला व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. हे तिकिटाआधी बघा. त्याचबरोबर जहाज क्वेबेकला किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं, हेही बघा. रात्री धक्क्यावर थांबणारं जहाज मिळत असेल तर बाल्कनीची खोली सोडा, साधी घ्या, पण तेच जहाज घ्या.