आधी शेजारी बघ

आता रिपोर्टखाली तुझी एकटीची सही असणार, म्हणून मोठ्या आतड्याच्या गाठींबद्दल मला ठेचा खाऊन कळलेलं सांगून ठेवते.

मार्कर मागवायच्या आधी एच अँड ईची स्लाइड लो पॉवरवर निवांत फिरव. मनात नेमका प्रश्न उभा राहिल्याशिवाय फॉर्मवर एकही नाव लिहू नकोस. प्रत्येक मार्करचे पैसे कुणाच्या तरी घरातून येतात. कोलनमधली गाठ ग्रंथी करतेय, कडेला अ‍ॅडिनोमा दिसतोय, तर ती तिथलीच हे सांगायला मार्कर कशाला? यकृतातली गाठ कुठून आली, बीजांडकोशातली म्यूसिनस गाठ तिथलीच की आतड्यातून गेलेली, हे खरे प्रश्न. सीके७ निगेटिव्ह आणि सीके२०, सीडीएक्स२, सॅटबी२ पॉझिटिव्ह असले, तर रोख आतड्याकडे. पण तेवढ्यावर निकाल देऊ नकोस. उजव्या कोलनमधल्या, लिम्फोसाइट्सनी भरलेल्या मेड्युलरी कार्सिनोमात सीके२० आणि सीडीएक्स२ दोन्ही नसू शकतात.

रेक्टममधल्या छोट्या न्यूरोएंडोक्राइन गाठीतही जप. तिथे क्रोमोग्रॅनिन बऱ्याचदा येत नाही आणि प्रोस्टॅटिक अ‍ॅसिड फॉस्फटेज चक्क पॉझिटिव्ह येतं. पुरुषाची बायोप्सी असली की प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणायचा मोह होतो. सिनॅप्टोफायसिन आणि एनकेएक्स३.१ बघ, गोंधळ मिटतो.

आता ज्यासाठी तुला बसवून घेतलं ते. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. डीएनए उतरवून घेताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी ही चार प्रथिनं, आणि ती जोडीने राहतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ टिकत नाही, एमएसएच२ गेलं की एमएसएच६ टिकत नाही. उलट मात्र होत नाही. पीएमएस२ किंवा एमएसएच६ एकटं जाऊ शकतं. म्हणून एमएलएच१ गेलंय आणि पीएमएस२ ठळक आहे असं दिसलं, तर आधी स्लाइडवर संशय घे.

आमच्याकडे एकदा रिसेक्शन आलं. आतडं न उघडता, लहानशा डब्यात कोंबून, शनिवार-रविवार तसंच पडलेलं. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. गाठीच्या पोटापर्यंत ते पोचेतो पेशी खराब झाल्या होत्या. चारही स्लाइड फिकट निळ्या. मी ‘लोप’ लिहायला पेन उचललं होतं. मग हाय पॉवर लावली. गाठीच्या मधल्या स्ट्रोमातले लिम्फोसाइट्स, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, सगळ्यांचे न्यूक्लिअस निळेच. ते तपकिरी व्हायलाच हवेत, कारण ते निरोगी. जुन्या बायोप्सीच्या ब्लॉकवर तपासणी पुन्हा लावली, चारही प्रथिनं ठसठशीत उठली. तेव्हापासून गाठीचा न्यूक्लिअस निळा दिसला की मी आधी शेजारचा बघते. शेजारी तपकिरी असेल तरच ‘लोप’. शेजारीही निळा असेल तर तपासणीच फसली, काहीही म्हणू नकोस. निवड असेल तर बायोप्सीच घे. ती नीट फिक्स झालेली असते, आणि केमो-रेडिएशननंतर एमएसएच६ कधीकधी विरळ होतं तो घोळही टळतो.

इतकं का जपायचं, तर त्या निळ्या ठिपक्यामागे अख्खं घर असतं. 1895 मध्ये मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने वॉर्थिनना सांगितलं, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, तरुणपणी. वॉर्थिन आपल्यासारखेच पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी ते ऐकून सोडलं नाही, वंशावळ मांडली. शंभरेक वर्षांनी त्याच घराण्यात एमएसएच२ मधला दोष सापडला. पुढे लिंच यांचं नाव मिळालेला आजार तो हाच. तेव्हा एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेलं, की जेनेटिक काउन्सेलिंगचा सल्ला रिपोर्टमध्ये लिहीच. एमएलएच१ गेलं तर घाई नको. वयस्कर पेशंटमध्ये बहुतेक वेळा ते आनुवंशिक नसतं. बीआरएएफ व्ही६००ई किंवा प्रमोटर मिथायलेशन बघून मगच घरच्यांकडे वळायचं.

उपचारही इथेच फिरतात. 2022 मध्ये न्यूयॉर्कहून आलेला अहवाल वाचताना माझे डोळे भरून आले होते: रेक्टमच्या कॅन्सरचे, ही दुरुस्ती बंद पडलेले पहिले 12 पेशंट, नुसत्या डोस्टार्लिमॅबवर बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशन नाही की रेडिएशन नाही. आपण चुकून ‘टिकून आहे’ लिहिलं, तर असा पेशंट त्या औषधापर्यंत पोचतच नाही.

आणि शब्द जपून वापर. ‘एमएसएच२ पॉझिटिव्ह’ असं कधीच लिहू नकोस. सर्जन त्याचा अर्थ दोष सापडला असा घेतात, आणि तू तर प्रथिन जागेवर आहे म्हणत असतेस. ‘न्यूक्लिअसमध्ये टिकून आहे’ किंवा ‘न्यूक्लिअसमधून लोप, शेजारच्या निरोगी पेशींत टिकून’ एवढं पूर्ण वाक्य लिही, चारही प्रथिनांपुढे, प्रत्येक वेळी.